इच्छाच होत नाही: कुठून सुरुवात करायची आणि कोणत्या क्रमाने

दाराची कडी लागल्याचा आवाज येतो आणि ती कूस बदलते. श्वास झोपेतल्यासारखा संथ करते. झोप आलेली नसते, पण खांद्यावर येणारा हात टाळायचा असतो. हात नकोसा आहे असं नाही. त्या हातानंतर काय येणार हे तिला पाठ झालंय, आणि ते आज नकोय. असं वर्षभर चाललं की तो हातही नकोसा होतो.

इथपर्यंत आल्यावर बहुतेक जोडपी शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. कुणी जाहिरातीतली गोळी मागवतं, कुणी 'एकदाचं होऊन जाऊ दे' म्हणत मन मारत राहतं, कुणी नवेपणा आणायचा म्हणून काहीबाही करून पाहतं. उपाय नेहमीच चुकीचे असतात असं नाही, चुकतो तो क्रम. संबंधाच्या वेळी दुखत असेल तर मूड आणायचे सगळे प्रयत्न पाण्यात जातात. एखाद्या गोळीमुळे इच्छा गेली असेल, तर नात्यातले दोष शोधण्यात सहा महिने फुकट जातात. आणि रोज रात्रीचा दबाव तसाच ठेवून घेतलेलं औषध फारसं काही करू शकत नाही.

1990च्या दशकाच्या अखेरीला किन्झी इन्स्टिट्यूट या लैंगिकतेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेत जॉन बॅनक्रॉफ्ट आणि एरिक यान्सेन यांनी एक साधी मांडणी केली. कामेच्छेला ॲक्सिलरेटर आहे तसा ब्रेकही आहे, आणि दोन्ही वेगवेगळे चालतात. हा लेख ती मांडणी धरून या क्रमाने जातो: आधी ब्रेक, मग ॲक्सिलरेटर. एखादा टप्पा तुम्हाला लागू नाही असं वाटलं, तरी तो तपासून मगच पुढे जा.

आधी हे पाहा

पुढच्यापैकी काही असेल तर लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा: संबंधानंतर रक्त जाणं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, ओटीपोटात नवीन किंवा वाढत जाणारं दुखणं, बाळाला पाजत नसताना स्तनांतून दूध येणं, किंवा जगणंच नकोसं वाटणं. जोडीदार जबरदस्ती करत असेल, किंवा नकार दिल्यावर मारहाणीची, पैसे तोडण्याची, अबोल्याची भीती असेल, तर प्रश्न तुमच्या इच्छेचा नाहीच. अशा वेळी शरीर नको म्हणतं ते तुमचं रक्षण करण्यासाठी. तिथे आधी सुरक्षित जागा आणि विश्वासाचं माणूस शोधा. खालचे अभ्यास अशा नात्यात करू नका.

## तयारी: दोन आठवडे, एक वही, एक करार

करार असा: या दोन आठवड्यांत योनिसंबंध नाही. दोघांनी मिळून, मोकळेपणाने ठरवायचं. 'आज होणार का' हा प्रश्न घरातून गेला की कितीतरी जणींच्या अंगातला ताण उतरतो, आणि खरं काय चाललंय ते दिसायला लागतं.

वही फक्त तुमची, कुणाला दाखवावी लागणार नाही. रोज तीन-चार ओळी पुरतात: झोप किती, पाळीचा कितवा दिवस, दिवस कसा गेला, मनात किंवा अंगात कधी काही हललं का, आणि नकोसं कधी वाटलं. उदाहरणार्थ:

सोमवार. झोप 5 तास. तो जवळ बसला, नको वाटलं. उद्याची मीटिंग डोक्यात.

गुरुवार. दुपारी एकटी. कथेतला एक प्रसंग वाचताना छान वाटलं. दहा मिनिटं.

शनिवार. मिठी आवडली. हात कमरेखाली गेला आणि अंग आखडलं.

हीच बाई महिन्याभरापूर्वी सांगत असेल, 'मला काहीच वाटत नाही.' वही वेगळं सांगते. गुरुवारी इच्छा होती. शनिवारीही स्पर्श हवा होता, पुढच्या एका विशिष्ट क्षणी काहीतरी आडवं आलं. अशा तीन ओळींतूनच पुढचे टप्पे ठरतात, म्हणून वहीचा कंटाळा करू नका.

तुम्ही घेत असलेल्या औषधांची यादीही त्याच वहीत करा. गर्भनिरोधक, झोपेची गोळी, ॲलर्जीची गोळी, स्वतःच्या मनाने चालू केलेलं टॉनिक, सगळं. प्रत्येकापुढे ते सुरू केल्याचा महिना लिहा.

## टप्पा 1: अडचण नेमकी कोणती ते ठरवा

इथे चार प्रश्न आहेत.

याचा त्रास कुणाला होतो? इच्छा कमी असणं हा आपोआप आजार ठरत नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 31 हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत साधारण 39 टक्के जणींनी इच्छा कमी असल्याचं सांगितलं. पण इच्छा कमी आणि त्यामुळे मनाला त्रासही, अशा स्त्रिया 10 टक्क्यांच्या आसपासच होत्या. मानसोपचाराच्या डीएसएम-5 या नियमावलीतही निदानासाठी किमान सहा महिने चाललेली तक्रार आणि तिचा स्वतः त्या स्त्रीला होणारा त्रास, या दोन्ही अटी आहेत. जोडीदाराला आठवड्यातून चारदा हवं आणि तुम्हाला दोनदा, तर तो दोघांमधला फरक आहे, तुमचा आजार नाही. त्यावर तोडगा टप्पा 5 मध्ये आहे, औषधात नाही. आणि कधीच कुणाबद्दल लैंगिक ओढ वाटली नसेल, त्याचं दुःखही नसेल, तर तुम्ही अलैंगिक असू शकता. त्याला उपचार लागत नाहीत.

पूर्वी होती आणि गेली, की कधीच नव्हती? पूर्वी असेल तर ती कधी गेली तो काळ शोधा. बाळंतपण, नवं औषध, शस्त्रक्रिया, घरातला मृत्यू, जोडीदाराचा उघडा पडलेला खोटेपणा, पाळी अनियमित होणं. तारीख सापडली की निम्मं कारण सापडतं.

सगळीकडेच गेली, की एका माणसापुरती, एका जागेपुरती? एकटीने असताना, स्वप्नात, वाचताना काही वाटत असेल तर हार्मोन्सकडे लगेच बोट दाखवू नका. ब्रेक नात्यात, थकव्यात किंवा त्या खोलीत असण्याची शक्यता जास्त.

इच्छा आधी यायला हवी, असं तुम्ही धरून चालला आहात का? हा गैरसमज मला सगळ्यात जास्त सलतो, कारण त्याने चांगल्या निरोगी बायका स्वतःला आजारी समजतात. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी 1966 मध्ये शरीराचे टप्पे सरळ रेषेत मांडले, पुढे हेलन सिंगर कॅप्लन यांनी त्याच्या सुरुवातीला इच्छा ठेवली: आधी इच्छा, मग उत्तेजना, मग परमोच्च सुख. 2000 साली कॅनडातल्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी दाखवून दिलं की अनेक स्त्रियांचं, विशेषतः जुन्या नात्यात, असं होत नाही. सुरुवातीला मन कोरं असतं. जवळीक हवी असते, स्पर्श सुखाचा असतो, शरीर जागं होतं आणि इच्छा त्यानंतर येते. तुमचं असं होत असेल तर ते बिघडलेलं नाही.

सावध: याचा अर्थ 'सुरू करू, मग वाटेल' म्हणून ढकलत नेणं असा नव्हे. मन कोरं असणं आणि मनात नकार असणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. कोऱ्या मनाने सुरुवात करता येते, नकारावर करायची नाही.

## टप्पा 2: दुखतं का? आधी ते थांबवा

दुखण्याचा प्रश्न दुसऱ्याच टप्प्यात येतो, कारण तो सर्रास लपवला जातो. 'थोडंफार दुखतंच' म्हणून सोडून देतात. जी गोष्ट दर वेळी दुखते ती मनाला हवीशी वाटणार नाही, हे साधं आहे. इथे इच्छेवर काम करायचंच नसतं, दुखण्यावर करायचं असतं.

कुठे दुखतं ते वहीत नेमकं लिहा. योनीच्या तोंडाशी जळजळ किंवा ओरखडल्यासारखं होत असेल तर कोरडेपणा, संसर्ग, त्वचेचा विकार किंवा व्हल्व्होडिनिया (योनीमुखाभोवतीचं, स्पष्ट कारण न सापडणारं जुनाट दुखणं) असू शकतो. आत जातानाच भिंत आडवी आल्यासारखं होऊन स्नायू घट्ट मिटत असतील तर ते व्हजायनिस्मस. खोलवर, ठरावीक स्थितीत दुखत असेल आणि पाळीही फार दुखत असेल, तर एंडोमेट्रिओसिसचा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचा, विचार व्हायला हवा. तपासणीत डॉक्टरांना एवढं सांगितलं तरी त्यांचं काम सोपं होतं.

कोरडेपणाला मुख्य कारण म्हणजे इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी होणं. पाळी जाण्याच्या सुमारास आणि नंतर, बाळाला अंगावर पाजत असताना, दोन्ही अंडाशय काढल्यावर आणि स्तनकर्करोगाच्या काही औषधांत ते कमी होतं. इलाज तीन पातळ्यांवर आहे आणि लोक इथेच गोंधळतात:

ल्युब्रिकंट, म्हणजे घर्षण कमी करणारं जेल, संबंधाच्या वेळी लावायचं. पाण्याचं किंवा सिलिकॉनचं घ्या. तेल, क्रीम, व्हॅसलीन लॅटेक्सच्या कंडोमला कमजोर करतात, कंडोम फाटू शकतो.

योनीसाठीचं मॉइश्चरायझर वेगळं. ते संबंध असो वा नसो, आठवड्यातून दोन-तीनदा नेमाने लावायचं, चेहऱ्याच्या कोरड्या त्वचेला लावतो तसं. एकदा लावून 'काही फरक नाही' म्हणू नका.

एवढ्याने भागलं नाही तर योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन, डॉक्टरांच्या चिठ्ठीने. पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणावर ते फार चांगलं काम करतं, पण पूर्ण गुण यायला काही आठवडे, कधी तीन महिने लागतात. स्तनकर्करोग होऊन गेला असेल तर कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही.

नेहमीची चूक: स्नायू घट्ट मिटतात म्हणून कुणीतरी सांगितलेले केगेल व्यायाम करणं. केगेल स्नायू आवळायला शिकवतात. ज्यांचे स्नायू आधीच आवळलेले आहेत त्यांना सोडायला शिकायचं असतं, केगेलने त्यांचं दुखणं वाढू शकतं. हे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू तपासणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून शिकावं.

इथे तपासा: दुखणं गेलं का? गेलं नसेल तर योनिसंबंधाची बंदी उठवू नका आणि टप्पा 6 मधल्या चौथ्या पायरीकडे जाऊ नका. बाकीचं सगळं चालेल.

## टप्पा 3: औषधांची यादी आणि शरीर

आता ती यादी काढा. औषध सुरू केल्याचा महिना आणि इच्छा गेल्याचा महिना शेजारी ठेवा.

सगळ्यात आधी पाहायची ती नैराश्य आणि चिंतेची औषधं: सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन, एस्सिटॅलोप्राम वगैरे. यांनी इच्छा कमी होणं, उत्तेजना येऊनही शेवट न गाठणं हे नेहमीचं आहे. अडचण अशी की नैराश्यानेही इच्छा जातेच. म्हणून क्रम पाहा: गोळीआधीच गेली होती की गोळीने मन सावरलं आणि इच्छा मात्र गेली? दुसरं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा. डोस बदलता येतो, किंवा ब्युप्रोपिऑनसारखं, ज्यात हा त्रास कमी असतो असं औषध निवडता येतं. गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका. चक्कर, बेचैनी, झोप उडणं हे तर होतंच, पण नैराश्य उलटलं तर ते जिवावर बेतू शकतं.

मानसिक आजारांतली रिस्पेरिडोनसारखी औषधं प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं हार्मोन, वाढवतात आणि त्याने इच्छा मंदावते. अफूजन्य वेदनाशामकं दीर्घकाळ घेतली की हार्मोन्स दबतात. रक्तदाबाच्या काही गोळ्याही यादीत येतात. गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. बहुतेक जणींच्या इच्छेत फरक पडत नाही, काहींची वाढते, काहींची घटते. घटल्याची शंका असेल तर दुसरं साधन ठरल्यावरच गोळी सोडा, नाहीतर गर्भ राहण्याची भीती हा नवा ब्रेक लागतो.

शरीराच्या बाजूने थायरॉइड मंदावणं, रक्त कमी असणं, मधुमेह, वाढलेलं प्रोलॅक्टिन, दीर्घकाळचं कोणतंही दुखणं. थकवा, वजन, पाळी, केस, थंडी सोसणं यांत बदल असेल तर डॉक्टर त्याप्रमाणे तपासण्या सांगतील. 'सगळे हार्मोन्स' एकदम तपासणारं महागडं पॅकेज करू नका. विशेषतः टेस्टोस्टेरॉन या (पुरुषांत जास्त असणाऱ्या) हार्मोनचा आकडा पाहून इच्छेचं निदान होत नाही. कमी इच्छा ठरवणारी त्याची कुठलीही रेषा नाही.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी 'आता हरकत नाही' असं सांगितलं जातं. ते जखम भरण्याबद्दल असतं. अंगावर पाजताना प्रोलॅक्टिन जास्त, इस्ट्रोजेन कमी, झोप तुटक आणि दिवसभर बाळ अंगाला चिकटलेलं. रात्री आणखी कुणी अंगाला हात लावू नये असं वाटणं यात काही वावगं नाही, आणि याला नैराश्यही म्हणू नका. पण दोन आठवड्यांहून जास्त सतत रडू, अपराधी भाव किंवा बाळाबद्दल भीतीदायक विचार येत असतील तर ते वेगळं आहे, लगेच दाखवा.

## टप्पा 4: ब्रेक एकेक करून सोडवा

वहीतल्या 'नको'च्या नोंदी वाचा आणि प्रत्येकीच्या आधी काय होतं ते शोधा. दोन-तीन कारणं पुन्हापुन्हा येतील.

झोप. 2015 च्या एका अभ्यासात 171 तरुणींनी दोन आठवडे रोज नोंदी ठेवल्या. एक तास जास्त झोप मिळालेल्या रात्रीनंतर जोडीदाराशी लैंगिक जवळीक होण्याची शक्यता 14 टक्के वाढलेली आढळली. सात तास झोपण्याची सोय होत नसेल तर पुढच्या टप्प्यांकडून मोठी अपेक्षा ठेवू नका.

न बोललेला राग. घरातली यादी कुणाच्या डोक्यात असते? डॉक्टरची तारीख, मुलांची वही, संपलेला साबण. दिवसभर जिला सांगावं लागतं, आठवण करून द्यावी लागते, ती रात्री प्रेयसी होऊ शकत नाही. 'मदत करतो' पुरेसं नाही. दोन कामं पूर्णपणे, आठवणीसकट, दुसऱ्याकडे गेली पाहिजेत. मी हे फार जोर देऊन सांगते, कारण जोडपी फुलं, मेणबत्त्या यांच्या मागे लागतात आणि याला हात लावत नाहीत.

एकांत. पलीकडच्या खोलीत कुणी जागं आहे, दाराला कडी नाही, भिंत पातळ आहे. कान बाहेर लागलेले असले की शरीर जागं होत नाही. कडी बसवा, वेळ बदला.

स्वतःच्या शरीराची लाज. पोट दिसेल, डाग दिसेल. नजर बाहेरून स्वतःवर असली की आतलं सुख जाणवत नाही. मंद उजेड चालेल, कपडे अंगावर ठेवूनही चालेल. जोडीदाराने शरीरावर केलेले विनोद मात्र आजपासून बंद.

मिळणारं सुखच कमी. हा ब्रेक कुणी बोलत नाही. पुष्कळ स्त्रियांना केवळ योनिसंबंधाने परमोच्च सुख मिळत नाही, त्यासाठी क्लिटोरिसला, म्हणजे योनीच्या वरच्या टोकाशी असलेल्या संवेदनशील अवयवाला, थेट किंवा जवळून स्पर्श लागतो. वर्षानुवर्षं ज्यातून फारसं काही मिळालं नाही त्याची ओढ मेंदूला का वाटावी? अशा वेळी इच्छा कमी आहे म्हणण्यापेक्षा जे ताटात येतं ते बेचव आहे असं म्हणावं.

इथे तपासा: निदान एक ब्रेक प्रत्यक्ष बदलला का? ठरवला नव्हे, बदलला. नसेल तर आणखी दोन आठवडे इथेच थांबा.

## टप्पा 5: बोलणं

अंथरुणात बोलू नका, आणि नकारानंतर लगेच तर नाहीच. चालताना, गाडीत, एकमेकांच्या डोळ्यांत पाहावं लागत नाही अशा ठिकाणी सोपं जातं. वीस मिनिटं पुरेत.

सुरुवात तक्रारीने न करता माहितीने करा. 'तू कधी समजूनच घेत नाहीस' असं म्हटलं की समोरचा बचाव करू लागतो. त्याऐवजी: 'मिठी मारलीस की मी आखडते, कारण मला वाटतं पुढे जावंच लागेल. पुढे जायचं नाही हे ठरलेलं असेल तर मला मिठी हवी आहे.' हे एक वाक्य बऱ्याच घरांत पहिल्यांदाच उच्चारलं जातं.

नकार कसा द्यायचा तेही ठरवा. पाठ फिरवण्यापेक्षा 'आज नको, पण इथेच बसू या' बरं. आणि होकार मोजायची पद्धत बंद करा. महिन्याचा हिशेब ठेवला की प्रत्येक नकार थकबाकी होतो.

जोडीदारासाठी: ती सांगत असताना 'म्हणजे माझ्यात काही कमी आहे का' हा प्रश्न आवरा. तो प्रश्न खरा आहे, दुखराही आहे, पण त्या क्षणी विचारलात तर ती तुम्हाला सावरायला लागेल आणि स्वतःचं सांगणं थांबवेल. नंतर विचारा. नकारानंतर रुसून बसणं हाही दबावच.

## टप्पा 6: स्पर्शाचा अभ्यास

मास्टर्स आणि जॉन्सन यांनी आखलेला हा अभ्यास लैंगिक उपचारात आजही वापरला जातो. दिसायला अगदी सोपा, म्हणून लोक पायऱ्या गाळतात. आठवड्यातून दोन वेळा, अर्धा अर्धा तास, आधी ठरवलेल्या दिवशी. ठरवून केलं तर मजा जाते असं वाटतं, पण इथे मजा ठरवलेली नसते, फक्त वेळ ठरवलेली असते.

1. पहिली पायरी: स्तन आणि जननेंद्रियं सोडून सगळं शरीर. पंधरा मिनिटं एकाने स्पर्श करायचा, मग दुसऱ्याने. करणाऱ्याने समोरच्याला खूश करायला नाही, स्वतःच्या उत्सुकतेने करायचा: त्वचा कुठे गार, कुठे खरखरीत, दाब कमी केला तर काय होतं. घेणाऱ्याने काहीही 'वाटून' दाखवायचं नाही. नको असेल तेवढंच सांगायचं. उत्तेजना आली तरी पुढे जायचं नाही.

2. दुसरी: आता स्तन आणि जननेंद्रियंही, पण बाकीच्या शरीराइतक्याच महत्त्वाने. तिने त्याच्या हातावर आपला हात ठेवून वेग, दाब दाखवावा. बोलण्यापेक्षा हे सोपं पडतं.

3. तिसरी: दोघांनी एकाच वेळी. परमोच्च सुख आलं तर येऊ दे, गाठायचं नाही.

4. चौथी: दुखत नसेल आणि दोघांना मनापासून हवं असेल तरच योनिसंबंध. तिने वर असावं म्हणजे खोली आणि वेग तिच्या ताब्यात राहतात. सुरुवातीला हालचाल न करता नुसतं थांबायचं, थांबून काय जाणवतं ते पाहायचं.

एका पायरीवर तीन-चार वेळा सहज झाल्याशिवाय पुढची नाही. अंग आखडलं तर एक पायरी मागे.

मन मध्येच किराण्यावर, मुलांच्या परीक्षेवर जाईल. जाऊ दे. रागावू नका, लक्ष हळूच बोटांखालच्या त्वचेवर परत आणा. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ लोरी ब्रोटो यांनी कमी इच्छेच्या स्त्रियांसाठी असा सजगतेचा सराव गटांमध्ये शिकवला आहे, आणि त्याचा उपयोग होतो. एकटीने आधी सराव करता येतो: अंघोळीत दोन मिनिटं फक्त पाठीवरून वाहणाऱ्या पाण्याकडे लक्ष.

सगळ्यात महागात पडणारी चूक: दुसऱ्याच आठवड्यात छान वाटलं म्हणून चौथ्या पायरीआधीच योनिसंबंधाची बंदी मोडणं. एकदा मोडली की पुढच्या प्रत्येक स्पर्शामागे पुन्हा तीच शंका उभी राहते, आणि पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते.

दारू घेऊन हा अभ्यास करू नका. एक-दोन घोटांनी संकोच उतरल्यासारखा वाटतो, पण शरीराची जाणीव बोथट होते, आणि मोकळं व्हायला दर वेळी पेला लागू लागतो.

## टप्पा 7: डॉक्टरांकडे जाताना

स्त्रीरोगतज्ज्ञांपासून सुरुवात करा. गरजेप्रमाणे लैंगिक समस्यांचं प्रशिक्षण घेतलेले तज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक. लहानपणी किंवा नंतर लैंगिक अत्याचार झाला असेल तर आघातावर काम करणारे समुपदेशक आधी, स्पर्शाचा अभ्यास नंतर.

वेळ घेतानाच 'लैंगिक तक्रार आहे, थोडा वेळ लागेल' असं सांगा. बोलायला जड जात असेल तर कागदावर पाच ओळी लिहून पुढे ठेवा: पूर्वी इच्छा कशी होती, कधीपासून गेली, त्याचा मला त्रास होतो का, दुखतं का, कोणती औषधं चालू आहेत. मला हे बदलायचं आहे, हे वाक्य जरूर लिहा. निदानाला त्याची गरज असते.

'या वयात असंच असतं' किंवा 'मनावर घेऊ नका' एवढं बोलून पाठवलं तर दुसरे डॉक्टर गाठा.

## टप्पा 8: औषधं, त्यांच्या जागी

आधीचे टप्पे झाले, दुखणं नाही, नातं बरं आहे, आणि तरी इच्छा नाही, त्याचा त्रास आहे, तेव्हा हा विषय येतो. सगळी औषधं सगळ्या देशांत मान्य किंवा उपलब्ध नाहीत.

फ्लिबॅन्सेरिन या गोळीला अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) ऑगस्ट 2015 मध्ये पाळी चालू असलेल्या स्त्रियांसाठी मान्यता दिली. रोज झोपताना 100 मिलिग्रॅम. ते मेंदूतल्या रसायनांवर काम करतं, लगेच परिणाम दाखवणारी गोळी नाही. दारूबरोबर घेतल्यास रक्तदाब धोकादायक उतरून भोवळ येऊ शकते. फरक सरासरीने माफकच पडतो. आठ आठवड्यांत काही बदल नसेल तर बंद करायचं असतं.

ब्रेमेलॅनोटाइड हे 2019 मध्ये मान्य झालेलं, स्वतः टोचायचं इंजेक्शन. जवळिकीच्या किमान 45 मिनिटं आधी, दिवसातून एकच, महिन्यात आठाहून जास्त नाही. दहातल्या साधारण चार जणींना मळमळ होते. रक्तदाब ताब्यात नसेल किंवा हृदयविकार असेल तर घेऊ नये.

टेस्टोस्टेरॉनबद्दल 2019 मध्ये अनेक देशांतल्या तज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्रित निवेदन काढलं: पाळी गेलेल्या स्त्रियांच्या त्रासदायक कमी इच्छेसाठीच त्याला पुरेसा पुरावा आहे, तोही त्वचेवर लावायच्या, स्त्रियांच्या मात्रेच्या औषधासाठी. सुरू करण्याआधी आणि तीन ते सहा आठवड्यांनी रक्ताची पातळी पाहायची, सहा महिन्यांत गुण नसेल तर थांबवायचं. पुरुषांसाठीची इंजेक्शनं किंवा त्वचेखाली बसवायच्या गोळ्या घेऊ नका. मात्रा जास्त झाली तर मुरुमं, चेहऱ्यावर केस, आणि आवाज जाड होऊ शकतो, जो पुन्हा पूर्ववत होईलच असं नाही.

सावध: पुरुषांच्या ताठरतेची गोळी बाईच्या इच्छेवर काम करत नाही. 'शंभर टक्के नैसर्गिक' असं लिहिलेल्या कामवर्धक पुड्यांमध्ये छुपी औषधं सापडलेली आहेत. आत काय आहे ते माहीत नसेल तर पोटात घालू नका. आणि कुठलंही औषध तुमच्या नकळत कुणी देत असेल तर तो अत्याचार आहे.

## टप्पा 9: तीन महिन्यांनी वही पुन्हा उघडा

किती वेळा झालं ते मोजू नका. हे पाहा: स्पर्श झाल्यावर अंग आखडणं कमी झालं का? 'पुढे जायचं नाही' म्हणताना भीती वाटते का? एखाद्या दिवशी स्वतःहून जवळ जावंसं वाटलं का, मिठीपुरतं का होईना? दुखणं पूर्ण गेलं का?

आखडणं तसंच असेल तर बहुतेक वेळा टप्पा 4 किंवा 5 अर्धवट राहिलेला असतो. तिथे परत जा. काही आठवडे बरे जाऊन पुन्हा सगळं थंडावलं, तर त्या आठवड्यांत काय बदललं ते शोधा: नवी गोळी, आजारपण, तुटलेली झोप, जुना वाद. कारण सापडलं की तोच टप्पा पुन्हा करायचा, सगळे नऊ नाहीत.

आणि वही लगेच फेकू नका. जोडीदाराबरोबर वाचायची की नाही हे अजूनही तुम्हीच ठरवायचं आहे. एखादं पान वाचून दाखवावंसं वाटलं, तर गुरुवारची ती दहा मिनिटांची नोंद आधी दाखवा.